अब्दुलचं घर गोकुळधामच्या आत का नाही?

(आगाशी इथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्या सभांना वक्ते बोलावतात ते शिक्षणावर, तलाकवर, संविधानावर, नाहीतर दंगलीवर. मला मात्र फोन आला तो असा : ‘आपा, सध्या कोणत्या सीरियल बघण्यासारख्या आहेत, त्यावर बोला.’ मी दोनदा विचारून घेतलं की हाच विषय ना. हाच होता. आणि मला तो आवडला. संविधान आपण महिन्यातून एकदा आठवतो, पडदा मात्र रोज समोर असतो. घरातला टीव्ही बंद असला तरी प्रत्येकाच्या हातातला छोटा टीव्ही चालूच असतो. विरारहून अर्नाळ्याच्या बसमध्ये बसलं की दिसतं, निम्म्या लोकांच्या कानात वायर आणि डोळे खाली. आपण एवढं बघतो, पण बघितलेल्यावर बोलतो किती? ‘मस्त आहे’, ‘बकवास आहे’, एवढंच. आज जरा त्यापुढे जाऊ.

या तालुक्याला तर मालिकांबद्दल बोलायचा जास्तच हक्क आहे. नायगाव, कामणच्या बाजूला मालिकांचे सेट उभे असतात. आपल्या ओळखीतली मुलं तिथे लाइट उचलतात, गाड्या चालवतात, जेवणाचे डबे पोचवतात. २०२२ साली सब टीव्हीवर ‘अलीबाबा – दास्तान-ए-काबुल’ नावाची मालिका आली. त्यातला काबूलचा बाजार, ते घुमट, त्या कमानी सगळं आपल्या वसई तालुक्यात उभं केलेलं होतं. मला याची मोठी गंमत वाटली. टीव्हीवाल्यांना मुसलमान दाखवायचा असेल तर ते वसईत काबूल बांधतात. वसईतला मुसलमान मात्र त्यांना दिसत नाही, आणि तो सेटवर खुर्च्या मांडत असतो.

आता तुमच्या सगळ्यांच्या घरात चालणाऱ्या मालिकेकडे येते. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’. २००८ च्या जुलैमध्ये सुरू झाली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं वय त्या मालिकेएवढंच असेल. जेवताना लावायची मालिका म्हणून ती मलाही चालते. गोकुळधाम सोसायटी म्हणजे छोटा भारत, असं ती मालिका आपल्याला सांगते. आत जेठालालचं गुजराती घर, भिडे मास्तरांचं मराठी घर, सोढीचं पंजाबी घर आणि त्याची बायको पारशी, अय्यर तमिळ आणि त्याची बायको बंगाली, शिवाय पोपटलाल पत्रकार, ज्याचं लग्न काही केल्या जमत नाही. आणि अब्दुल. अब्दुल फार गोड माणूस आहे. सोसायटीवाले रात्री त्याच्याकडे सोडा प्यायला जमतात, सणावाराला तो सगळ्यांबरोबर नाचतो, कुणाचं काही अडलं तर धावून जातो. पण अब्दुलचं दुकान फाटकाजवळ आहे आणि त्याचं घर सोसायटीत नाही.

लेखकाच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. उलट मला वाटतं, त्यानं अब्दुलला प्रेमानंच लिहिलं आहे. आणि मला खुपतं ते तेच. प्रेमानं लिहितानाही मुसलमान शेजारी म्हणून सुचला नाही, दुकानदार म्हणून सुचला. कारण मुंबईच्या आसपासच्या सोसायट्यांत खरोखर तसंच चालतं. माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर विरारमध्ये भाड्यानं घर हवं होतं. एजंटानं तीन घरं दाखवली, तिसरं पसंत पडलं, टोकनची रक्कम ठरली. नाव सांगितल्यावर एजंट म्हणाला, ‘भाई, तुम्ही माणूस चांगले आहात, पण सोसायटी ऐकणार नाही.’ तो एजंट भावाच्याच टपरीवर रोज चहा पितो. त्या रात्री अम्मी नेहमीसारखी ‘तारक मेहता’ बघत होती. भाऊ शेजारी बसला होता. तो एवढंच म्हणाला, ‘अम्मी, या अब्दुलनं कधी आत घर मागितलंय का ग?’ अम्मीनं आवाज कमी केला.

म्हणून मी म्हणते, विनोदी मालिका आहे, डोकं बाजूला ठेवून बघा, हे मला पटत नाही. डोकं सोबत घेऊन बघितलं तरी हसू येतंच.

याच्या उलट उदाहरण द्यायचं तर चाळीस वर्षं मागे जावं लागेल. १९८६ साली दूरदर्शनवर ‘नुक्कड’ आली होती. कुंदन शाह आणि सईद अख्तर मिर्झा यांनी ती दिग्दर्शित केली होती. एका नाक्यावरची गरीब माणसं, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी हवालदार, कुणी दारुडा. त्यात कादरभाईचं हॉटेल होतं. तुम्ही म्हणाल, तोही दुकानदारच की! बरोबर. पण ‘नुक्कड’मध्ये सगळेच रस्त्यावर होते, सोसायटी कुणाचीच नव्हती. कादरभाई उधारीवरून कटकट करतो, चिडतो, विरघळतो. तो चांगुलपणाचा पुतळा नाही आणि गुंडही नाही, तो हॉटेलवाला आहे. मुसलमान पात्राला चिडचिड करायची परवानगी असणं ही मोठी गोष्ट आहे. अब्दुलला ती नाही, त्याला कायम हसतमुख राहावं लागतं. सईद मिर्झांचाच ‘नसीम’ हा १९९५ चा चित्रपट मिळाला तर जरूर बघा. बाबरी पडण्याआधीच्या महिन्यांतलं मुंबईतलं एक घर, शाळकरी मुलगी आणि तिचे आजोबा. आजोबांचं काम शायर कैफी आझमींनी केलं आहे. त्यात आरडाओरडा नाही, आणि शेवटपर्यंत छातीवर दगड राहतो.

हिंदी चॅनलवर मुस्लिम घरं आली नाहीत असं नाही. ‘कुबूल है’ आली, ‘बेइंतेहा’ आली, ‘इश्क सुभान अल्लाह’ आली. पण ती घरं आठवा. झुंबर, जिना, शेरवानी, दर दोन वाक्यांना एक शेर, आणि काजळ घातलेली एक दुष्ट फूफी. या घरांत लाइटचं बिल कधी येत नाही. कुणी एमपीएससीचा क्लास लावत नाही. सकाळी सहा सतराची विरार लोकल कुणाची चुकत नाही. आणि गोष्ट शेवटी तलाकपाशीच येते, जणू आपल्या घरांत लग्न मोडणं सोडून दुसरं काही घडतच नाही.

मराठीकडे वळले की मात्र मला जास्त लागतं, कारण ती माझी भाषा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात साडेअकरा टक्के मुसलमान आहेत, म्हणजे सव्वा कोटीच्या वर. आणि मी आजवर बघितलेल्या रोजच्या मराठी मालिकांत मुख्य घर मुसलमानाचं असलेली एकही नव्हती. आपण मात्र त्या मालिका बघतो. ‘आई कुठे काय करते’ चालू होती तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका अरुंधतीच्या संसाराची काळजी स्वतःच्या सुनेपेक्षा जास्त करत होत्या. अनिरुद्धला शिव्या देण्यात आमची नव्वदीतली नानी सगळ्यांत पुढे. नवऱ्यानं पंचवीस वर्षांनंतर बायकोला टाकणं काय असतं, हे समजायला धर्म लागत नाही. आमच्या नानीला अरुंधती कळते, तर अरुंधतीच्या घरातल्या लोकांना नानी का कळू नये? पण त्यासाठी नानी पडद्यावर यायला हवी.

कुणी म्हणेल, मुसलमानांची बोली, त्यांचं वातावरण प्रेक्षकांना परकं वाटेल, टीआरपी येणार नाही. मग ‘रात्रीस खेळ चाले’ कशी चालली? २०१६ साली आली तेव्हा ती मालवणीत होती, तळकोकणातलं घर होतं, आणि मराठवाड्यातल्या माणसानंही अण्णा नाईकांना डोक्यावर घेतलं. बोली अडथळा असती तर ते झालं नसतं. मग चिपळूण-खेडच्या कोकणी मुसलमानाच्या घरातली बोली का चालणार नाही? तांदळाची भाकरी त्याच्याकडेही आहे, सांदणं त्याच्याकडेही होतात, गावच्या वाटणीची भांडणं आणि आखातात गेलेला मुलगाही आहे. एवढ्या मसाल्यावर हजार एपिसोड निघतील. इथल्या वसईतल्या ख्रिस्ती समाजाकडे बघा. त्यांनी मराठीत लिहिलं, मासिकं चालवली, आणि आपल्याच तालुक्यातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पडद्यावर तेही फारसे नाहीत, पण त्यांना कुणी ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो’ असं म्हटलं तर ते हसतील तरी. आपण ओशाळून ‘थँक यू’ म्हणतो.

चित्रपटात थोडं बरं आहे. ‘सैराट’ सगळ्यांनी बघितलाय. परशाचा दोस्त सल्ल्या आठवतो? सलीम. त्याच्या मुसलमान असण्याचा चित्रपटात कुठे गाजावाजा नाही. तो दोस्तासाठी धावतो, मार खातो, करमाळ्याकडचं मराठी बोलतो. शाळेतल्या माझ्या मुलांना मी विचारलं होतं, सल्ल्या कोण? ‘परशाचा जिगरी’ असं उत्तर आलं. ‘मुसलमान’ असं एकानंही म्हटलं नाही. मला असा मुसलमान बघायचा आहे. राजन खान यांच्या कथेवरचा ‘हलाल’, २०१७ चा, तोही बघा. विषय हलाल्याचा आहे. काही जण म्हणाले होते की यानं आपली बदनामी होते. मला तसं वाटत नाही, बाईवर जो अन्याय होतो तो दाखवण्यात बदनामी कसली? माझी तक्रार वेगळी आहे. मराठी पडद्यावर मुस्लिम घराची कडी वाजते ती फक्त असल्या विषयासाठी. जब्बार पटेलांनी ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ करून मराठी चित्रपटाला राजकारण शिकवलं. पडद्यामागे आपण केव्हाचे आहोत.

आता त्या विषयाकडे येते, ज्याबद्दल सभा सुरू व्हायच्या आधी दोन मुलींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं. पाकिस्तानी ड्रामे. हळूच विचारलं, हेच मला पहिल्यांदा बोलायचं आहे.

२०१४ च्या जूनमध्ये ‘जिंदगी’ नावाचं चॅनल आपल्याच देशातल्या कंपनीनं सुरू केलं आणि ‘जिंदगी गुलजार है’, ‘हमसफर’ राजरोस दाखवल्या. दादरच्या, पुण्याच्या, नाशिकच्या बायकांनीही त्या बघितल्या. फवाद खानवर जीव टाकणाऱ्या माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींत एकीचं आडनाव जोशी होतं, एकीचं पाटील. २०१६ ला उरीच्या हल्ल्यानंतर चॅनलनं ते कार्यक्रम थांबवले. मग लोक यूट्यूबवर गेले. २०२४ मध्ये ‘कभी मैं कभी तुम’ आली तेव्हा मुस्तफा आणि शरजीनाची रील्स इथे सगळ्यांच्या फोनवर होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला, त्यानंतर ती चॅनल्स बंद झाली आणि ओटीटीवाल्यांनाही तिकडचे कार्यक्रम काढायला सांगण्यात आलं. निष्पाप पर्यटकांना मारणाऱ्यांबद्दल आपल्या मनात काय आहे, हे आपल्याला कुणापुढे सिद्ध करत बसायची गरज नाही. बंदी हा सरकारचा निर्णय आहे, त्यावर कुणाला वाद घालायचा तर घालावा. मला म्हणायचं आहे ते एवढंच की ती आवड मुसलमानांची नव्हती, सीरियल बघणाऱ्यांची होती. जोशीबाईंनी ‘हमसफर’ बघितली तर तो शौक, आणि शेखबाईंनी बघितली तर तो संशय, असं गणित कुणी मांडत असेल तर आपण मान खाली घालायची नाही.

आणि मान वर ठेवूनच त्या ड्राम्यांची चिरफाडही करायची. ‘जिंदगी गुलजार है’मध्ये मला सगळ्यांत आवडली ती कशफ नव्हे, तिची आई. मुलगा झाला नाही म्हणून नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, आणि या बाईनं नोकरी करून तीन मुली शिकवल्या. ही गोष्ट आपल्या घराघरातली आहे. पण त्याच मालिकेत जी मुलगी मोकळी राहते, मनासारखे कपडे घालते, तिला लेखिका वाईट ठरवून टाकते. ‘हमसफर’मध्ये खिरद किती सोसते! तिथल्या अर्ध्या ड्राम्यांत बाईला सब्र सोडून दुसरा गुणच नाही. नवरा थप्पड मारतो, पुढे पंधरा एपिसोड पश्चात्ताप करतो, ती माफ करते, मागे गाणं वाजतं. आपल्या मुली ते बघून रडतात आणि नकळत शिकतात की प्रेम असंच असतं. मी म्हणते, रडा, पण थप्पड मोजत राहा. त्यांच्याकडेही धाडसी लोक आहेत. ‘उडारी’ ही २०१६ ची मालिका, लहान मुलीवर घरातच होणाऱ्या लैंगिक अत्याचारावरची. तिथल्या सरकारी संस्थेनं त्यांना नोटीस काढली, तरी मालिका पूर्ण झाली.

आपण त्या ड्राम्यांत काय शोधत होतो, याचा विचार मी बराच केला. मला वाटतं, असं घर शोधत होतो जिथे कुणी ‘सलाम’ म्हटलं तर कॅमेरा दचकत नाही. जिथे आई जानमाज घडी करता करता मुलाला ‘दूध घेऊन ये’ म्हणते. पण खरं सांगू? कराचीतले ते बंगलेही आपले नव्हते. ती उर्दूही आपली नव्हती. आपण शेजाऱ्याच्या खिडकीतून आपलं घर बघायचा प्रयत्न करत होतो.

हिंदी वेबसिरीजमध्ये दोन नावं देते. ‘पाताल लोक’मधला इम्रान अन्सारी. दिल्ली पोलिसातला तरुण मुलगा, यूपीएससीची तयारी करतोय. ठाण्यातले सहकारी त्याच्यासमोर त्याच्या लोकांबद्दल काहीबाही बोलतात, मग त्यांना आठवतं की हा इथेच बसलाय. तो काहीच बोलत नाही, फाइल वाचत राहतो. ज्यांनी ऑफिसात नोकरी केली आहे त्यांना तो चेहरा ओळखू येईल. दुसऱ्या भागात तो आयपीएस होऊन हाथीरामचा वरिष्ठ बनलेला आहे, पुढचं सांगत नाही. दुसरी ‘द फॅमिली मॅन’. लोकांना त्यातला मनोज वाजपेयी आठवतो. मला पहिल्या भागातला करीम आठवतो, चुकीच्या संशयात मारला गेलेला कॉलेजातला मुलगा. हेरगिरीच्या मालिकेनं नायकाच्या हातून झालेली अशी चूक दाखवली, हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरते. बाकी त्या मालिकेबद्दल माझ्या तक्रारी आहेत, पण त्या चहाच्या वेळी.

विनोदाचं काय? ‘हास्यजत्रा’ बघून मीही पोट धरून हसते, समीर चौघुले नुसते उभे राहिले तरी. पण मुसलमान विनोद करायला उभा राहिला की खेळ महाग होतो. मुनव्वर फारुकी जानेवारी २०२१ मध्ये इंदूरला पकडला गेला आणि सर्वोच्च न्यायालयानं जामीन देईपर्यंत महिनाभर तुरुंगात राहिला. तोच मुनव्वर तीन वर्षांनी ‘बिग बॉस’ जिंकला. पुढे २०२४ मध्ये त्यानं कोकणी लोकांवर घाणेरडा शब्द वापरून विनोद केला आणि नंतर माफी मागितली. तेव्हा आपल्यातले काही जण त्याची बाजू घेत होते, कारण तो ‘आपला’. अरे, ज्यांची टिंगल झाली त्यांत कोकणी मुसलमानही होते की! विनोद करणाऱ्याचं नाव बघून हसायचं की नाही ते ठरवू नका. झाकिर खानचं मला आवडतं ते हेच. इंदूरच्या साध्या मुलाची गोष्ट सांगता सांगता तो २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत कार्यक्रम करून आला.

परदेशातल्या तीन मालिका लिहून घ्या. ‘लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी’, कॅनडाची, २००७ ते २०१२. लहान गावातल्या मुसलमानांना नमाजसाठी जागा मिळत नाही, तर चर्चचा हॉल भाड्यानं मिळतो. वसईकरांना यातली मजा वेगळी सांगायला नको. मशिदीत बायकांसाठी पडदा असावा की नाही, यावर एक अख्खा एपिसोड आहे. भांडण खरं, हसू खरं, आणि कुणाचा अपमान नाही. दुसरी ‘वी आर लेडी पार्ट्स’, लंडनमधल्या मुस्लिम मुलींचा बँड. तिसरी ‘मो’. ह्यूस्टनमधला पॅलेस्टिनी निर्वासित मुलगा, कागदपत्रं वर्षानुवर्षं अडकलेली. तो खिशात ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन फिरतो, कारण बाहेरचं तेल त्याला तेल वाटत नाही. आगाशीचा माणूस परगावी जाताना सुकेळी बांधून नेतो, तसं.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. १९८२ साली जळगावात समाजाच्या पुढाऱ्यांनी मुस्लिम बायकांना सिनेमा थिएटरात जायला बंदी घातली होती. पुरुषांना नव्हती. रझिया पटेल नावाची तरुण मुलगी त्या बंदीविरुद्ध उभी राहिली, सत्याग्रह केला. त्यांचं ‘चाहूल’ हे पुस्तक आहे, ते वाचा. लोक त्यांना म्हणत, सिनेमासाठी काय एवढं! पण प्रश्न सिनेमाचा नव्हताच. बाईनं काय बघायचं हे कोण ठरवणार, हा होता. आज थिएटरची बंदी कुणी घालत नाही. आज भाऊ रात्री बहिणीचा फोन उघडून बघतो, तिनं काय बघितलं ते. भावांनो, हसू नका, तुमच्याकडेच बघून बोलतेय. तुमचा फोन ती उघडून बघते का?

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती आयोजकांनी मान्य केली आहे. दर महिन्याला एक गोष्ट ठरवायची, सगळ्यांनी घरी बघायची आणि इथे येऊन त्यावर भांडायचं. पहिलं मत मुलींनी मांडायचं, मुलगे नंतर बोलतील. मराठीत बोलायचं, अडलं तर हिंदी चालेल. आणि ज्याला वाटेल त्यानं एक पानभर लिहून आणायचं, कोकणी मुसलमान घराच्या मालिकेतला एक प्रसंग. पात्रं तुमच्याच घरातली घ्या. नाव बदला मात्र, नाहीतर फूफी घरात घेणार नाही. पहिल्या महिन्यासाठी मी ‘मो’ सुचवलं होतं, पण सगळ्यांकडे नेटफ्लिक्स नाही, तेव्हा ‘सैराट’ ठरलाय. पुन्हा बघा, या वेळी फक्त सल्ल्यावर नजर ठेवून. तो कुठे कुठे गप्प बसतो, ते मोजून या.